दादासाहेब फाळके आणि कुंडीतला वाटाणा



चौथी-पाचवीच्या पोरांना कॉम्प्युटरवर हलतं चित्र करायला शिकवायचं म्हटलं, की मी सुरुवात दादासाहेब फाळक्यांपासून करते. त्यांची ओळख आपल्याकडे बहुतेक 'राजा हरिश्चंद्र' या एका नावावर संपते. सामान्य ज्ञानाच्या वहीत एक ओळ, झालं. मुलांना खरी सांगण्यासारखी गोष्ट मात्र त्या सिनेमाच्या आधीची आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे शास्त्री. त्यांना मुंबईत विल्सन कॉलेजात नोकरी मिळाली आणि घर मुंबईला आलं. मुलाचा ओढा चित्रांकडे. १८८५ ला जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, पुढे बडोद्याचं कलाभवन. तिथं रंगकाम, मातीकाम, फोटोग्राफी असं जे दिसेल ते ते शिकत गेले. जादूचे प्रयोगही करायचे. फाळके उलटं करून 'प्रोफेसर केळफा' असं नाव घेतलं होतं! हे सांगितलं की वर्गात सगळी मुलं आपापली आडनावं उलटी करत बसतात, तेव्हा पाच मिनिटं जास्तीची धरूनच ठेवा.

गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ काढला. तिथं प्लेगची साथ आली आणि पत्नी आणि मूल दोघंही गेले. स्टुडिओ सोडावा लागला. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात नोकरी लागली, पण स्वदेशीच्या दिवसांत तीही सोडली आणि लोणावळ्याला छापखाना सुरू केला, जो पुढे दादरला गेला. रंगीत छपाईची यंत्रं बघायला १९०९ मध्ये ते जर्मनीलाही जाऊन आले. पण भागीदारांशी पटेना, म्हणून तोही धंदा सोडला. चाळिशी आलेली, हातात काम नाही, घरात लहान मुलं. दुसरी पत्नी सरस्वतीबाई पाठीशी होत्या एवढंच.

या छपाईच्या कामाकडे जरा लक्ष द्या. तिरंगी छपाईत एकाच चित्राचे रंगवार वेगवेगळे ठसे करतात आणि ते कागदावर एकावर एक उमटवतात. एखादा ठसा केसभर सरकला तरी चित्राच्या कडा दुहेरी दिसतात. आपण गिंपसारख्या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लेयरवर लेयर ठेवतो, त्यातही असंच होतं. एक लेयर थोडा हलला की अख्खं चित्र थरथरतं. फाळक्यांच्या हाताला ही सवय सिनेमाच्या आधीच लागलेली होती.

१९१०-११ च्या सुमारास गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना त्यांच्या मनात राम आणि कृष्ण उभे राहिले. मग वेडच लागलं. मिळेल तो सिनेमा बघायचा, घरी येऊन प्रयोग करायचे, झोप नाही. त्याचा परिणाम डोळ्यांवर झाला आणि काही काळ दिसेनासंच झालं. ज्याचा सगळा जीव चित्रात, त्याला दिसेना! डॉक्टरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली, पण माणूस काही थांबला नाही. विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत बोटीनं लंडनला गेले, तिथला स्टुडिओ पाहिला, कॅमेऱ्याची मागणी नोंदवली आणि परत आले.

कॅमेरा आला, पण सिनेमाला पैसे कोण देणार? सावकाराला 'चलच्चित्र' म्हणजे काय ते कसं सांगणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा समोर पक्का बसवला. दिवसामागून दिवस एकेक फोटो. महिनाभरानंतर ती फीत चालवली, तर कोंब मातीतून वर येतोय, पानं उलगडतायत, वेल चढतोय. महिन्याची वाढ एका मिनिटात. ती ओळखीच्या लोकांना दाखवली आणि कर्ज मिळालं. आपल्याकडच्या सिनेमाचं भांडवल असं एका कुंडीतून उगवलं.

पुस्तकात रोज एक फोटो, असा महिनाभर, आणि फिल्म मिनिटाभराची असं लिहिलेलं असतं. आमच्या वर्गात आम्ही हे फळ्यावर मांडून पाहिलं. त्या काळी हातानं फिरवायच्या यंत्रात सेकंदाला साधारण १६ चित्रं जायची. म्हणजे मिनिटाला ९६०. महिन्याचे फोटो ३०. तीस चित्रं तर दोन सेकंदांतच संपतात! मिनिटभर चालवायचं तर दिवसाला ३२ फोटो हवेत. म्हणजे एक तर फोटो पुष्कळ जास्त काढलेले असणार, नाहीतर फिल्म फारच छोटी असणार. भागाकाराचं याहून चांगलं शाब्दिक उदाहरण मला तरी आजवर मिळालेलं नाही. मुलांना पुस्तकातली चूक सापडल्याचा आनंद होतो तो वेगळाच.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना साडी नेसवली, हे बहुतेकांना माहीत असतं. सरस्वतीबाईंचं काम मात्र कमी जण सांगतात. त्यांनी दागिने दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, आणि रात्री अंधारात फिल्मच्या कडेला भोकं पाडायला बसल्या. त्या वेळी कोरी फिल्म भोकांशिवाय यायची. यंत्राचे दाते त्या भोकांत अडकून फिल्म पुढे सरकते, म्हणजे भोकं पुढंमागं झाली तर पडद्यावरचं चित्र उड्या मारणार. दिवसभर राबून रात्री एवढं नेमकं काम! मी तर मुलांना लेयर सरळ रेषेत लावायला सांगते, तेव्हा सरस्वतीबाईंचंच नाव घेते.

पुढे बिऱ्हाड नाशिकला गेलं. १९१५ मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केलं. काडी थोडी सरकवायची, चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायची. पडद्यावर काड्या आपल्या आपण चालतात. १९१७ चा 'लंकादहन' तुफान चालला. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली ती त्यांची स्वतःची मुलगी मंदाकिनी. मग कंपनीतले वाद, काशीला जाऊन राहणं, परत येणं. बोलपट आले आणि काळ पुढे निघून गेला. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते वारले, तेव्हा त्यांची विचारपूस करणारे फार थोडे उरले होते. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ साली सुरू झाला.

आता वर्गातलं. कुंडीत घेवडा किंवा मूग पेरा. मोबाईल ठेवायची जागा खडूनं आखून घ्या आणि रोज ठरलेल्या वेळी एकच फोटो काढा. सगळे फोटो गिंपमध्ये 'लेयर म्हणून उघडा' या पर्यायानं एकाच फाइलमध्ये घ्या. पहिला दिवस सगळ्यांत खालच्या लेयरला हवा, नाहीतर रोप उलटं मातीत शिरतं. निर्यात करताना जीआयएफ निवडून ॲनिमेशनच्या चौकटीत खूण करा आणि दोन चित्रांमधला वेळ २०० मिलिसेकंद ठेवा. तीस फोटोंचं सहा सेकंदांचं चित्र होतं.

आमच्या पहिल्या प्रयत्नात सातव्या दिवशी एका मुलीनं रोपाला ऊन मिळावं म्हणून कुंडी मायेनं खिडकीकडे वळवली. आमचा घेवडा तिथं गर्रकन मान फिरवतो आणि पुन्हा वाढायला लागतो. दुरुस्त करूया का म्हणून विचारलं, तर सगळा वर्ग नको म्हणाला.