कमलाबाई सोहोनी

लातूरच्या बाजारात तुरीची पोती उतरू लागली, की साऱ्या मराठवाड्याच्या चुली डोळ्यांपुढे येतात. ज्या घरी दूधदुभते नाही, त्या घरीही वरण असते. गरिबाच्या देहाला प्रथिने पुरवते ती ही डाळच. परंतु डाळ पोटात गेली म्हणजे प्रथिन अंगी लागले, असे नव्हे. मध्यंतरी काय घडते, हे शोधण्यात डॉक्टर कमलाबाई सोहोनी यांनी अनेक वर्षे वेचली.

त्यांचा जन्म १९११ साली इंदूर येथे भागवत घराण्यात झाला. प्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील नारायणराव व चुलते माधवराव, दोघेही बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. तेथेच आपणही जावे, अशी कमलाबाईंची मनीषा होती. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवून त्यांनी अर्ज धाडला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन. अर्जदार मुलगी आहे, एवढ्याच कारणास्तव त्यांनी तो नाकारला! इतक्या थोर शास्त्रज्ञाची दृष्टी येथे तोकडी पडली, असे म्हणणे भाग आहे.

कमलाबाई मुकाट्याने घरी बसल्या नाहीत. त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग पत्करला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर: पहिले वर्ष केवळ परीक्षेचे, आणि मुलांच्या कामात त्यांच्यामुळे व्यत्यय येता कामा नये. त्या अटी त्यांच्या जिव्हारी लागल्या. तरीही श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी असे काम केले, की रामन यांचे समाधान झाले आणि इतर मुलींसाठीही संस्थेचे दार उघडले.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. तेथे बटाट्यावर प्रयोग करताना वनस्पतींच्या श्वसनक्रियेतील सायटोक्रोम सी हे द्रव्य त्यांना आढळले. १९३९ मध्ये डॉक्टरेट घेऊन त्या मायदेशी परतल्या. १९४७ मध्ये विवाह होऊन त्या मुंबईस आल्या व तेथील विज्ञानसंस्थेत अध्यापन करू लागल्या.

याच संस्थेत त्या पुन्हा कडधान्यांकडे वळल्या. प्रथिनाचा रेणू म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची लांबलचक माळ होय. अखंड माळ आतड्याच्या भिंतीतून आत शिरू शकत नाही. ती तोडावी लागते. तोडण्याचे काम विकरे करतात. जठरात पेप्सिन आरंभ करते. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाच्या रसातील ट्रिप्सिन ठरावीक जागी माळ कापते, आणि इतर विकरे उरलेले तुकडे बारीक करतात. कमलाबाई व त्यांचे विद्यार्थी यांनी वाल, डबल बी इत्यादींमधून ट्रिप्सिनला अडवणारी द्रव्ये वेगळी काढून तपासली. ही द्रव्येही प्रथिनेच! ती ट्रिप्सिनला घट्ट चिकटतात. जणू कात्रीच्या पात्यांत खडा अडकावा. कच्चे कडधान्य खाणाऱ्याच्या पोटात प्रथिन असूनही ते वाया जाते. उष्णतेने मात्र या द्रव्यांची घडण मोडते आणि ट्रिप्सिन मोकळे होते. डाळ मऊ शिजेपर्यंत आपल्या आज्या चूल विझू देत नसत, त्यामागचे हे एक कारण.

राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी निरेतील पोषक द्रव्यांचाही अभ्यास केला आणि त्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक लाभले. एके काळी प्रवेशासाठी झगडलेल्या कमलाबाई पुढे मुंबईच्या त्या विज्ञानसंस्थेच्या संचालिका झाल्या. १९९८ साली दिल्लीत त्यांच्या सत्कारासाठी भरलेल्या सभेतच त्या कोसळल्या व लवकरच त्यांचे निधन झाले.