सचिनच्याही ५४ वर्षं आधी एका कंपनीने क्रिकेटरला जाहिरातीत घेतलं होतं, तो नागपूरचा गडी होता

फेब्रुवारी २०२४. दक्षिण आफ्रिकेतलं बेनोनी. अंडर-१९ वर्ल्डकपची सेमीफायनल. समोर २४५ चं टार्गेट आणि भारताची अवस्था ४ बाद ३२. अशा वेळी बीडचा सचिन धस ९६ धावा ठोकतो आणि टीम फायनलला जाते.

त्या दिवशी बीडच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचाच फोटो होता. बीडमध्येच जन्मलेल्या संजय बांगरनंतर जिल्ह्याला क्रिकेटमध्ये मिरवायला पुन्हा एक नाव मिळालं होतं.

आता असा एखादा पोरगा चमकला की लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. बॅटवर स्टिकर कुणाचं लागणार? कारण हे स्टिकर बॅट बनवणाऱ्याचंच असतं असं नाही, ते पैसे देणाऱ्याचं असतं. टायरवाले असतात, ॲपवाले असतात, चार खोल्यांच्या ऑफिसातून चालणारी सॉफ्टवेअर कंपनीसुद्धा असते.

पण भारतात हा प्रकार सुरू कुठून झाला?

बऱ्याच जणांना वाटतं सचिन तेंडुलकरपासून. १९९५ साली वर्ल्डटेल नावाच्या कंपनीने त्याच्याशी पाच वर्षांचा करार केला आणि क्रिकेटमधल्या पैशाचे आकडेच बदलले, हे खरंय. पण पहिला मान त्याचा नाही. तो जातो १९४१ सालाकडे आणि कर्नल सी. के. नायडू यांच्याकडे.

कोट्टारी कनकैया नायडू. जन्म ३१ ऑक्टोबर १८९५, नागपूर. घर तेलुगू, पण वाढले नागपुरात. वडील वकील, घरची परिस्थिती उत्तम. हिस्लॉप शाळेच्या टीममधून खेळायला लागले. उंच, शिडशिडीत आणि ताठ.

१९१६ साली मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन सामन्यात त्यांनी फर्स्ट क्लास क्रिकेटमध्ये पदार्पण केलं. तेव्हा मुंबईत धर्मावर टीम पडायच्या आणि सामन्यांना तुफान गर्दी व्हायची. सीके आले, पहिले तीन चेंडू अडवले आणि चौथा थेट सिक्स. साहेबाच्या बॉलरला.

तेव्हापासून लोक सिक्स बघायला येऊ लागले.

खरा धमाका झाला १९२६ मध्ये. आर्थर गिलिगनची एमसीसी टीम भारतात आली होती. बॉम्बे जिमखान्यावर हिंदू टीमकडून सीकेंनी ११६ मिनिटांत १५३ धावा केल्या, त्यात ११ सिक्स. ऑफिसं सोडून माणसं मैदानाकडे पळाली, झाडांवर चढली, असं सांगतात. एमसीसीने त्यांना चांदीची बॅट दिली. भारतीयांना कसोटी खेळू द्यायला हरकत नाही, असं इंग्रजांना वाटायला लागलं, त्यात या खेळीचा वाटा मोठा होता. दोनच वर्षांनी बीसीसीआयची स्थापना झाली.

आता मुद्द्याचा प्रश्न. हा माणूस जगत कशावर होता?

क्रिकेटवर पोट भरायची सोय तेव्हा नव्हती. बोर्डाचा करार नाही, लीग नाही. एक तर घरचं खाऊन खेळायचं, नाहीतर एखादा राजा गाठायचा. १९२३ साली इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी सीकेंना बोलावून घेतलं आणि संस्थानच्या लष्करात अधिकारी केलं. नावापुढे जे कर्नल लागतं ते तिथलं.

थोडक्यात, राजा हाच स्पॉन्सर होता. पटियाळा, बडोदा, होळकर ही संस्थानं एकमेकांचे खेळाडू पळवायची. खेळाडू जिंकला की नाव संस्थानचं व्हायचं.

पण राजाच्या पैशावर चालणाऱ्या खेळात राजा स्वतःही बॅट घेऊन उतरायचा, आणि गोची तिथे होती.

१९३२ च्या इंग्लंड दौऱ्यावर कॅप्टन म्हणून गेले पोरबंदरचे महाराज आणि व्हाइस कॅप्टन लिंबडीच्या राजघराण्यातले. महाराजांना आपलं क्रिकेट किती पाण्यात आहे हे ठाऊक होतं, हा त्यांचा मोठेपणा. २५ जून १९३२ ला लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी सुरू झाली तेव्हा ते बाजूला झाले, व्हाइस कॅप्टन जखमी होते, आणि टॉसला गेले सीके. भारताचे पहिले कसोटी कर्णधार. हाताला दुखापत असूनही पहिल्या डावात त्यांनी ४० धावा केल्या, टीममधल्या सर्वात जास्त. भारत १५८ धावांनी हरला, पण दौऱ्यात सीकेंनी फर्स्ट क्लास सामन्यांत १६१८ धावा काढल्या आणि ६५ विकेट घेतल्या. विस्डेनने त्यांना वर्षातल्या पाच खेळाडूंत निवडलं.

१९३६ ला मात्र उलटं झालं. कॅप्टन झाले विझियानगरमचे महाराजकुमार, म्हणजे विझी. पैसा आणि ओळखी भरपूर, खेळ बेताचा. टीममध्ये दोन गट पडले, लाला अमरनाथला दौऱ्याच्या मध्येच घरी पाठवलं गेलं. चाळिशीतले सीके साधे खेळाडू म्हणून खेळत राहिले. ओव्हलवरच्या शेवटच्या कसोटीत गबी ॲलनचा चेंडू अंगावर बसला, तरी खेळून ८१ केल्या. तीच त्यांची शेवटची कसोटी ठरली. ७ कसोटी, ३५० धावा. आकडा बघून कुणी म्हणेल, एवढंच?

पण लोकांच्या डोक्यात आकडे नव्हते, माणूस होता. आणि इथेच कंपनीची एंट्री होते.

१९४१ मध्ये बाथगेट कंपनीच्या लिव्हर टॉनिकच्या जाहिरातीसाठी सीके उभे राहिले. एखाद्या ब्रँडची जाहिरात करणारे ते पहिले भारतीय क्रिकेटर मानले जातात.

टॉनिकवाल्यांना क्रिकेटर का लागावा? कारण टॉनिक काम करतंय की नाही हे बाटलीकडे बघून कळत नाही. आज छोट्या सॉफ्टवेअर कंपनीची तीच अडचण असते. तिचा माल दिसत नाही, हातात घेऊन ठोकून बघता येत नाही. मग असा माणूस शोधायचा ज्याचं काम भर मैदानात हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्याच्यावरचा विश्वास थोडा आपल्या बाटलीकडे वळवायचा.

त्या हिशोबाने बाथगेटची निवड अचूक होती. सीकेंनी पंचेचाळिशी गाठली होती आणि तब्येत अशी की विशीतल्या पोरांनी लाजावं. फिटनेसबाबत ते भयंकर कडक होते.

जाहिरातीनंतर त्यांनी जे केलं ते तर कुठल्याही कंपनीला पैसे देऊन मिळालं नसतं. १९४५-४६ च्या रणजी फायनलमध्ये बडोद्याविरुद्ध त्यांनी २०० धावा केल्या, वय वर्षं ५०. त्यांच्या नेतृत्वात होळकर टीमने चार वेळा रणजी जिंकली. १९५१-५२ च्या फायनलला मुंबईच्या दत्तू फडकरचा बाउन्सर तोंडावर बसला. दात पडले. ५६ वर्षांच्या सीकेंनी पिचवरचे दात बाजूला सारले आणि खेळ पुढे चालू ठेवला.

स्वातंत्र्यानंतर संस्थानं विलीन झाली, राजांचा आधार गेला, पुढे होळकर टीमही इतिहासजमा झाली. सीके थांबले नाहीत. १९५६-५७ मध्ये वयाच्या एकसष्टीत ते उत्तर प्रदेशकडून रणजी खेळत होते, तेही कॅप्टन म्हणून. सरकारने पद्मभूषण दिलं. हा मान मिळालेले ते पहिले क्रिकेटर.

१४ नोव्हेंबर १९६७ ला इंदूरमध्ये त्यांचं निधन झालं.

१९९४ पासून बीसीसीआय त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. पहिला पुरस्कार मिळाला लाला अमरनाथना, म्हणजे विझींच्या टीममधून ज्यांना घरी पाठवलं होतं त्यांनाच.