विश्लेषण : चोकोबारचे पेटंट का टिकले नाही? ‘एस्किमो पाय’वाल्या ख्रिश्चन नेल्सनची गोष्ट आणि घरचा आरोग्यदायी पर्याय

उन्हाळा आला की घराघरांत एकच हट्ट सुरू होतो : चोकोबार. आत गार आइस्क्रीम, बाहेर कडक चॉकलेटचे कवच, पहिल्या घासाला ‘कट्’ असा आवाज. आता तो घरीच करायचा, साखर कमी ठेवायची, केळे किंवा चक्का वापरायचा, असे प्रयोगही अनेक जण करतात. पण गरम चॉकलेट गार आइस्क्रीमला चिकटते कसे, हा प्रश्न साधारण शंभर वर्षांपूर्वी एका शिक्षकाला पडला होता. त्याने तो सोडवला, त्यावर पेटंट मिळवले, श्रीमंत झाला आणि पुढे न्यायालयात ते पेटंट गमावलेही. ख्रिश्चन केंट नेल्सन हे त्याचे नाव. ही गोष्ट समजली, तर घरचा चोकोबारही अधिक चांगला जमतो.

कोण होता ख्रिश्चन नेल्सन?

नेल्सनचा जन्म १८९३ मध्ये डेन्मार्कमध्ये झाला. तो तान्हा असतानाच कुटुंब अमेरिकेत स्थलांतरित झाले. मोठा झाल्यावर तो आयोवा राज्यातील ओनावा या छोट्या गावात शाळेत शिकवू लागला. जोडीला त्याचे गोळ्या-चॉकलेट आणि आइस्क्रीमचे दुकानही होते.

१९२० मध्ये या दुकानात घडलेला एक प्रसंग नेल्सन नंतर आयुष्यभर सांगत राहिला. एक मुलगा दुकानात आला. त्याला आइस्क्रीमही हवे होते आणि चॉकलेटही. पैसे मात्र एकाच वस्तूपुरते होते. काय घ्यावे हे त्याला काही केल्या ठरवता येईना. दोन्ही एकाच वस्तूत का देता येऊ नये, असा विचार नेल्सनच्या डोक्यात तिथूनच सुरू झाला.

अडचण नेमकी काय होती?

ऐकायला सोपी वाटणारी ही गोष्ट करायला सोपी नव्हती. वितळलेले चॉकलेट फार गरम असेल तर आइस्क्रीमचा पृष्ठभाग वितळतो. पाण्याचा पातळ थर तयार होतो आणि चॉकलेट त्यावरून घसरते. चॉकलेट फार थंड केले तर ते घट्ट होते, थर जाड आणि ओबडधोबड बसतो. म्हणजे तापमान आणि घट्टपणा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधायच्या होत्या.

नेल्सनने अनेक महिने प्रयोग केले. उत्तर सापडले ते कोको बटरमध्ये, म्हणजे कोकोच्या बियांमधील नैसर्गिक स्निग्धांशात. चॉकलेटमध्ये स्निग्धांश वाढवला की ते पातळ होते, कमी तापमानातही वाहते राहते आणि गार वस्तूवर पातळ, एकसारखा थर धरते. कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळते. त्यामुळे गोठलेल्या आइस्क्रीमचा स्पर्श होताच ते काही सेकंदांत घट्ट होते. तोंडात गेल्यावर मात्र शरीराच्या उष्णतेने विरघळते. चोकोबारची सगळी गंमत या एका गुणधर्मावर उभी आहे.

नेल्सनने आपल्या पदार्थाला ‘आय-स्क्रीम बार’ असे नाव दिले. इंग्रजीत ते आइस्क्रीमसारखेच ऐकू येते आणि ‘मी ओरडतो’ असाही अर्थ निघतो.

‘एस्किमो पाय’ हे नाव कुठून आले?

१९२१ मध्ये नेल्सनने शेजारच्या नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरात रसेल स्टोव्हर या व्यावसायिकाशी भागीदारी केली. नवे नाव सुचवले ते स्टोव्हरच्या पत्नी क्लारा यांनी, असे सांगितले जाते. ‘पाय’ म्हणजे सारण भरलेला पाश्चात्त्य गोड पदार्थ. ‘एस्किमो’ हा शब्द बर्फ आणि थंडीची आठवण करून देण्यासाठी जोडला गेला. हा शब्द ज्यांच्यासाठी वापरला जात होता, त्यांना त्याबद्दल काय वाटते याचा विचार तेव्हा झाला नाही. तो प्रश्न जवळपास शंभर वर्षांनी पुढे आला. त्याकडे शेवटी येऊ.

२४ जानेवारी १९२२ रोजी नेल्सनला पेटंट मिळाले. त्याचा क्रमांक होता १४,०४,५३९.

व्यवसाय इतक्या वेगाने कसा वाढला?

नेल्सन आणि स्टोव्हर यांनी देशभर कारखाने काढले नाहीत. त्यांनी परवाने विकले. स्थानिक आइस्क्रीम उत्पादकाने परवाना घ्यायचा, ठरलेल्या नावाने माल बनवायचा आणि विक्रीवर रॉयल्टी द्यायची, अशी ही पद्धत होती. आजच्या भाषेत फ्रँचायझी मॉडेल. १९२२ च्या वसंत ऋतूपर्यंत सुमारे २,७०० उत्पादक हा पदार्थ बनवत होते आणि दिवसाला सुमारे दहा लाख नग विकले जात होते. दोन वर्षांपूर्वी गावातल्या दुकानात उभा असलेला शिक्षक देशभर माहीत झाला.

यात वेष्टनाचाही वाटा होता. चकचकीत धातूच्या पातळ कागदात गुंडाळलेला बार स्वच्छ दिसे आणि हातात धरायला सोपा जाई. हा कागद पुरवणारी कंपनी पुढे या गोष्टीत महत्त्वाची ठरली.

मग बिनसले कुठे?

पदार्थ लोकप्रिय होताच नकला सुरू झाल्या. त्या करणे अवघडही नव्हते. आइस्क्रीमची वडी आणि वितळलेले चॉकलेट ज्याच्याकडे आहे, तो कोणीही हा बार बनवू शकत होता. परवाना असलेले काही जण रॉयल्टी बुडवत होते, परवाना नसलेले सरळ विकत होते. पेटंट राखायचे तर प्रत्येकाला न्यायालयात खेचावे लागणार. वकिलांवर दिवसाला हजारो डॉलर जाऊ लागले. विक्री विक्रमी होत होती, पण पैसा हातात उरत नव्हता.

१९२३ मध्ये स्टोव्हर कंटाळून बाहेर पडला. त्याने आपला हिस्सा विकला आणि पत्नीसह डेन्व्हरला जाऊन घरच्या स्वयंपाकघरातूनच चॉकलेट-मिठायांचा व्यवसाय सुरू केला. तो पुढे अमेरिकेतील मोठ्या ब्रँडपैकी एक झाला.

१९२४ मध्ये नेल्सननेही कंपनी विकली. घेणारी होती वेष्टनाचा कागद पुरवणारी यू. एस. फॉइल कंपनी, म्हणजे नंतरची रेनॉल्ड्स मेटल्स. एवढा मोठा ग्राहक बुडू देण्यापेक्षा तो विकत घेणे त्यांना परवडणारे होते. नेल्सनला रॉयल्टी मिळत राहिली.

न्यायालयाने पेटंट का रद्द केले?

पेटंट मिळण्यासाठी वस्तू नवी असावी लागते. शिवाय त्या क्षेत्रातील जाणकाराला ती सहज सुचण्यासारखी नसावी. नेल्सनचे पेटंट फार व्यापक होते. चॉकलेटचे अमुक प्रमाण, तमुक तापमान अशी विशिष्ट कृती राखून ठेवण्याऐवजी त्यात जवळपास कवचाने झाकलेल्या कोणत्याही गोठवलेल्या पदार्थावर हक्क सांगितला होता. १९२८ मध्ये न्यायालयाने हे पेटंट रद्द ठरवले आणि १९२९ मध्ये अपिलातही तोच निकाल कायम राहिला. पदार्थावर गोड कवच चढवणे ही हलवायांची जुनीच कला होती. त्यात संपूर्ण मक्तेदारी देण्याइतके नवे काही न्यायालयाला दिसले नाही.

आपल्याकडील वाचकांना यावरून हळदीचे प्रकरण आठवेल. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील ‘सीएसआयआर’ने त्याला आव्हान दिले. हा उपयोग भारतात पूर्वापार माहीत असल्याचे पुरावे दिले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. दोन्ही प्रकरणे वेगळी आहेत. नेल्सनने स्वतः मेहनतीने प्रयोग केले होते, हळदीत तर पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान होते. पण कसोटी सारखीच : आधीपासून माहीत असलेल्या गोष्टीवर कोणा एकाचा मालकी हक्क असू शकत नाही.

नेल्सनचे पुढे काय झाले?

तो कडवट झाल्याचे दिसत नाही. रॉयल्टीमुळे तो सधन होता आणि तरुण वयातच निवृत्त झाला. पण रिकामे बसणे त्याला मानवले नाही. १९३५ मध्ये तो रेनॉल्ड्सकडे नोकरीला परत आला. आइस्क्रीमचे बार अधिक वेगाने तयार करणाऱ्या यंत्रणेवर त्याने काम केले आणि १९६१ पर्यंत तिथेच राहिला. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात त्याचे निधन झाले. तेव्हा तो ९८ वर्षांचा होता.

पेटंट गेले तरी एक गोष्ट कंपनीकडे राहिली होती : नाव. कृती कोणालाही वापरता येत होती, ‘एस्किमो पाय’ हे नाव मात्र नाही. दुकानात लोक नाव पाहूनच बार मागत. त्यामुळे पदार्थ टिकला तो ट्रेडमार्कच्या जोरावर.

घरी करायचा असेल तर नेल्सनची युक्ती कशी वापरायची?

१९२० मध्ये बहुतेक घरांत विजेवर चालणारा फ्रीज नव्हता. आज घरच्या फ्रीझरमध्ये साधारण उणे १८ अंश तापमान मिळते. कोको बटर सगळीकडे मिळत नाही, पण त्याचे काम खोबरेल तेल बऱ्यापैकी करते. ते साधारण २४-२५ अंशाला वितळते आणि गार वस्तूवर लगेच गोठते. तेल अर्थातच खाण्याचे हवे.

साहित्य : ३ पिकलेली केळी, १५० ग्रॅम डार्क चॉकलेट, दीड मोठा चमचा खोबरेल तेल, भाजलेल्या शेंगदाण्याचा किंवा बदामाचा भरड कूट.

कृती :
१. केळ्यांचे जाड तुकडे करून काडी खोचा आणि बटर पेपरवर एकमेकांना न चिकटता ठेवा. किमान चार तास गोठवा.
२. उकळत्या पाण्यावर भांडे ठेवून चॉकलेट आणि तेल वितळवा. पाण्याचा थेंबही आत जाऊ देऊ नका. थोडेसे पाणी पडले तरी चॉकलेटच्या गुठळ्या होतात.
३. मिश्रण कोमट होऊ द्या. बोटाला गरम लागत नाही, पण वाहते आहे, ही खूण.
४. मिश्रण उंच ग्लासमध्ये ओता. केळ्यावर हिमाचे कण जमले असतील तर पुसा, नाहीतर कवच निसटते. एकदाच बुडवून बाहेर काढा.
५. कूट लगेच भुरभुरा. मिनिटाभरात कवच कडक होते.

केळे नको असेल तर चक्का आणि आमरस घोटून कुल्फीच्या साच्यात गोठवता येतो. एक लक्षात ठेवा : साखर कमी केली की मिश्रण दगडासारखे गोठते, कारण साखर पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते. म्हणून असा बार खाण्याआधी पाच-सात मिनिटे बाहेर ठेवा.

हा बार खरेच आरोग्यदायी आहे का?

बाजारातील बारशी तुलना केली तर त्यात काय आहे हे तुम्हाला माहीत असते, हा सर्वात मोठा फायदा. वरून साखर घालावी लागत नाही, केळ्यातून तंतुमय घटक मिळतात आणि वनस्पती तूप टाळता येते. पण ‘घरचे म्हणजे कितीही खा’ हे खरे नाही. १०० ग्रॅम डार्क चॉकलेटमध्ये साडेपाचशे ते सहाशे किलोकॅलरी असतात. खोबरेल तेलातील ८० टक्क्यांहून अधिक भाग संपृक्त मेद असतो. केळ्यातही साखर असतेच. त्यामुळे मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच प्रमाण ठरवावे. बाकीच्यांसाठी लहान तुकडे आणि पातळ कवच हा सोपा नियम.

विकत घेताना पाकिटावर ‘आइस्क्रीम’ लिहिले आहे की ‘फ्रोझन डेझर्ट’ हेही पाहा. भारतातील नियमांनुसार फ्रोझन डेझर्टमध्ये दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरता येते.

आणि त्या नावाचे काय झाले?

आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट आणि इतर मूळ रहिवाशांपैकी अनेकांना ‘एस्किमो’ हा शब्द अपमानास्पद वाटतो. बाहेरच्यांनी लादलेले ते नाव आहे. २०२० मध्ये अमेरिकेत वर्णद्वेषविरोधी आंदोलनानंतर तेव्हाच्या मालक कंपनीने हे नाव सोडण्याचा निर्णय घेतला. कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या जोसेफ ईडी यांच्या नावावरून ‘ईडीज पाय’ हे नवे नाव जाहीर झाले.

थोडक्यात, नेल्सनच्या शोधातील पेटंट १९२० च्या दशकातच गेले आणि शंभरीच्या उंबरठ्यावर नावही गेले. उरली ती फक्त कृती. ती वापरायला आज कोणाचीही परवानगी लागत नाही.