बोलायला घाबरणारा बॅरिस्टर

सेमिनारच्या आदल्या रात्री होस्टेलमध्ये काय चालतं हे मी सांगायला नको. स्लाईड्स तयार, पाठांतर तयार, तरी पोटात गोळा! म्हणूनच या अंकासाठी मी मुद्दाम गांधीजी निवडले. 'लगे रहो मुन्नाभाई' (२००६) मधली गांधीगिरी सगळ्यांना पाठ आहे. मला मात्र त्यांच्यातला भित्रा माणूस जास्त जवळचा वाटतो.

भित्रा म्हणजे अगदी भित्रा. १८६९ साली पोरबंदरला जन्मलेला दिवाणांचा हा मुलगा रात्री दिव्याशिवाय झोपत नसे. एका बाजूने भूत येईल, दुसऱ्या बाजूने चोर, तिसरीकडून साप! लग्न लहानपणीच झालं. कस्तुरबा अंधारात बिनधास्त कुठेही जायच्या आणि हे महाशय आपली भीती त्यांना सांगायलाही लाजायचे. शाळा सुटली की कोणाशी बोलावं लागू नये म्हणून पळत घर गाठायचे. घरातल्या रंभा नावाच्या म्हाताऱ्या दाईने भुताखेतांवर उपाय म्हणून रामनाम घ्यायला सांगितलं. मोहनचा त्या उपायापेक्षा रंभावर जास्त विश्वास, म्हणून त्याने ते सुरू केलं. काही दिवसांनी सुटलंही. पण बी पेरलं गेलं होतं.

१८८८ ला बॅरिस्टर व्हायला लंडनला जाताना आईने दारू, मांस आणि परस्त्री यांना शिवणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. राजकोटच्या शाळेने निरोपसमारंभ केला, तिथे लिहून नेलेले आभाराचे चार शब्दही धड वाचता आले नाहीत. लंडनमध्ये मांस खा म्हणून मित्र मागे लागले. बेचव जेवणावर अर्धपोटी दिवस काढले, पण शपथ मोडली नाही. इथे मला एक गंमत वाटते. चार लोकांसमोर तोंड न उघडणारा हा मुलगा 'नाही' म्हणायला मात्र घाबरत नव्हता.

पुढे ते तिथल्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर गेले. बैठकीत नुसते बसून राहायचे. तिथे एक वाद निघाला. डॉ. अ‍ॅलिन्सन नावाचे सभासद संततिनियमनाच्या साधनांचा प्रचार करत. मंडळाचे अध्यक्ष हिल्स यांना ते अनीतीचं वाटे, म्हणून अ‍ॅलिन्सनना काढून टाकायचं घाटत होतं. हिल्स हे मोठे कारखानदार, मंडळ बरंचसं त्यांच्याच पैशावर चाललेलं. गांधीजींना स्वतःला अ‍ॅलिन्सनची मतं पटत नव्हती, हिल्सबद्दल आदर होता. तरीही शाकाहाराच्या मंडळातून एखाद्याला शाकाहाराशी संबंध नसलेल्या कारणासाठी काढणं त्यांना चूक वाटलं. मत लिहून नेलं, पण उभं राहून वाचायचा धीर होईना. शेवटी ते दुसऱ्या कोणीतरी वाचलं. निकाल अ‍ॅलिन्सनच्या विरोधात लागला. म्हणजे पहिल्याच लढाईत हार, आणि तीसुद्धा दुसऱ्याच्या आवाजात! पण जो आपल्याला पटत नाही त्याच्या बाजूने, आपल्याला आवडणाऱ्या माणसाच्या विरोधात उभं राहणं... मला ही गोष्ट दांडीयात्रेइतकीच मोठी वाटते.

लंडन सोडताना मित्रांना जेवण दिलं. भाषणासाठी अ‍ॅडिसनचा एक किस्सा घोकून नेला होता. सुरुवात केली आणि एकदम ब्लँक! कसेबसे आभार मानून खाली बसले. मुंबईतही तेच. स्मॉल कॉजेस कोर्टात पहिली केस, फी ३० रुपये. उलटतपासणीला उभे राहिले तर डोकं गरगरायला लागलं, एकही प्रश्न सुचेना. फी परत करायला लावली आणि कोर्टातून निघून गेले.

१८९३ मध्ये एका व्यापाऱ्याच्या खटल्यासाठी ते दक्षिण आफ्रिकेला गेले. ७ जूनच्या रात्री पीटरमारित्झबर्ग स्टेशनवर गाडीतून उतरवलं, ती गोष्ट आपण शाळेपासून ऐकतोय. पण मला त्यानंतर प्रिटोरियात घडलेलं जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथल्या हिंदी लोकांची सभा बोलावून गांधीजी बोलायला उभे राहिले. आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण! समोर बहुतेक व्यापारी आणि विषय काय, तर धंद्यातला खरेपणा! धंद्यात खरं बोलून चालत नाही असं मानणाऱ्यांनाच त्यांनी ते चालतं म्हणून सांगितलं. (बायोडाटा लिहिताना आपल्याकडेही असंच काहीसं ऐकू येतं, असो.) त्या दिवशी जीभ अडखळली नाही. पाठ केलेला विनोद अडला, पण जे मनापासून पटलेलं होतं ते आपोआप आलं. पुढे त्यांनी इंग्रजी शिकवायचीही तयारी दाखवली. विद्यार्थी मिळाले तीन : एक न्हावी, एक कारकून, एक दुकानदार.

आता कोणाला वाटेल, झालं, भीती पळाली. छे! सप्टेंबर १८९६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांचे हाल सांगायला ते मुंबईत आले. फिरोजशहा मेहतांच्या सांगण्यावरून भाषण आधीच लिहून छापलं होतं. हॉल खचाखच भरलेला. वाचायला लागले तर आवाज खाली खाली जात राहिला. आधी केशवराव देशपांड्यांनी भाषण हातात घेतलं, पण श्रोत्यांनी वाच्छांच्या नावाने गलका केला आणि शेवटी दिनशा वाच्छांनी ते वाचून पूर्ण केलं.

हाच माणूस साडेतीन महिन्यांनी, १३ जानेवारी १८९७ ला, डर्बनला बोटीतून उतरला. गोरा जमाव चिडलेला आहे, अंधार पडल्यावर उतरा, असा निरोप आला होता. पण चोरासारखं गावात शिरणं त्यांना मान्य नव्हतं. जमावाने दगड, अंडी, लाथाबुक्क्या, सगळं केलं. पोलिस सुपरिटेंडेंटच्या पत्नी मिसेस अलेक्झांडर छत्री उघडून मध्ये उभ्या राहिल्या म्हणून वाचले. नंतर लंडनहून हल्लेखोरांवर खटले भरायचा हुकूम आला, तर यांनी तक्रार करायलाच नकार दिला.

११ सप्टेंबर १९०६. जोहान्सबर्गचं एम्पायर थिएटर. ट्रान्सवालमध्ये हिंदी माणसांना बोटांचे ठसे देऊन नोंदणी करायला लावणारा कायदा येत होता. त्याविरुद्धच्या सभेत शेठ हाजी हबीब म्हणाले, ठराव ईश्वराला साक्षी ठेवून करू. गांधीजी आधी दचकले. ठराव बदलता येतो, पण ईश्वरासमोर घेतलेली शपथ? त्यांनी उठून लोकांना थांबवलं आणि शपथेचा अर्थ नीट समजावला. तुरुंग, मार, उपासमार, सगळं वाट्याला येऊ शकतं. बाकी सगळे पळाले तरी आपण एकटं उभं राहू असं वाटत असेल त्यानेच हात वर करावा. शेजारी काय करतो हे बघू नये. सगळी सभा उभी राहिली. आईला दिलेला शब्द अर्धपोटी राहून पाळलेला हा मुलगा, शपथ म्हणजे काय हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? (योगायोग बघा, दुसऱ्याच दिवशी ते थिएटर आगीत जळालं.)

चंपारण, मिठाचा सत्याग्रह हे सगळं इतिहासाच्या पुस्तकात आहे, ते पुन्हा सांगत नाही. रंभाने शिकवलेलं रामनाम मात्र उतारवयात त्यांचा रोजचा आधार झालं. आणि बोलण्याची भीड? तिच्यामुळे मोजकं बोलायची सवय लागली, असं ते मानत.

२० जानेवारी १९४८ ला दिल्लीत बिर्ला भवनात प्रार्थनासभा चालू असताना बाँब फुटला. लोकांची पळापळ झाली. ७८ वर्षांचे गांधीजी जागचे हलले नाहीत. लोकांना शांत बसायला सांगून त्यांनी बोलणं पुढे चालू ठेवलं. नंतर प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घेऊ द्या, असा आग्रह झाला. देवाच्या भरवशावर प्रार्थनेला बसणाऱ्याला असलं संरक्षण चालत नाही म्हणून त्यांनी तो नाकारला. त्यामुळे ३० तारखेला संध्याकाळी तिथे आलेल्या माणसांचे खिसे कोणी तपासले नाहीत.