सुगामोच्या कोठडीतील मुख्याध्यापक

जपानच्या अर्वाचीन इतिहासात इ. स. १९४४ हे वर्ष पराभवाची चाहूल घेऊन आले. जुलैत सायपान बेट हातचे गेले आणि त्याच महिन्यात पंतप्रधान हिदेकी तोजो यांना पायउतार व्हावे लागले. ऑगस्टपासून हवाई हल्ल्यांच्या भीतीने टोकियोतील शाळकरी मुलांना आईबापांपासून दूर, खेड्यापाड्यांतील मंदिरांत व पथिकाश्रमांत हलविण्यास प्रारंभ झाला. ओकिनावाची मुले घेऊन निघालेले त्सुशिमा मारू हे जहाज २२ ऑगस्टला पाणतीराने बुडाले व सातशेहून अधिक मुलांना जलसमाधी मिळाली. याच वर्षी टोकियोच्या सुगामो येथील बंदिगृहात ७३ वर्षांचे एक निवृत्त मुख्याध्यापक एकांतकोठडीत दिवस कंठीत होते. त्यांचे नाव त्सुनेसाबुरो माकिगुची. बौद्ध संस्थेने चालविलेल्या निवासी शाळेच्या स्मरणिकेत या शिक्षकाचे पुण्यस्मरण करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

माकिगुचींचा जन्म ६ जून १८७१ रोजी निइगाता प्रांतातील अराहामा या समुद्रकाठच्या खेड्यात झाला. लहानपणीच पित्याने कुटुंब सोडून दिल्याने ते नातलगाच्या घरी दत्तक गेले. पुढे कोवळ्या वयातच ते उत्तरेकडील होक्काइदो बेटावर गेले आणि ओतारू येथील पोलीस कचेरीत हरकाम्या म्हणून राहिले. काम सांभाळून जो वेळ मिळे तो ते वाचनात घालवीत. १८९३ मध्ये साप्पोरोच्या अध्यापक विद्यालयातून ते उत्तीर्ण झाले आणि तेथेच शिक्षक म्हणून रुजू झाले. १९०३ साली त्यांनी मानवी जीवनाचा भूगोल मांडणारा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. डोंगर, नद्या, समुद्र यांची नावे पाठ करण्यापेक्षा आपल्या गावच्या मातीशी आपले जगणे कसे बांधलेले आहे हे मुलाने प्रथम ओळखावे, हा त्या ग्रंथाचा गाभा होता.

टोकियोत त्यांनी अनेक प्राथमिक शाळांचे मुख्याध्यापकपद भूषविले. वजनदार माणसांच्या मुलांना वेगळी वागणूक देण्यास ते राजी नसत. परिणामी बदल्या त्यांच्या पाचवीलाच पुजल्या होत्या. अशाच एका बदलीने ते मिकासा शाळेत आले. ही शाळा अत्यंत दरिद्री वस्तीतील मुलांची होती. उपाशीपोटी आलेल्या मुलापुढे फळ्यावरची अक्षरे व्यर्थ ठरतात, हे जाणून त्यांनी तेथे मुलांच्या जेवणाची व्यवस्था केली आणि त्यासाठी पदरमोडही केली. निवासी शाळा चालविणाऱ्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगावयास नको.

१९२८ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्यांनी निचिरेन परंपरेतील बौद्ध धर्म स्वीकारला. १८ नोव्हेंबर १९३० रोजी त्यांच्या मूल्यनिर्मितीच्या शिक्षणशास्त्राचा पहिला खंड प्रकाशित झाला. शिष्य व सहकारी जोसेई तोदा यांच्यासमवेत त्यांनी उभारलेल्या सोका क्योइकु गाक्काई या संस्थेचा स्थापनादिनही हाच मानला जातो. शिक्षणाचे प्रयोजन राष्ट्राची गरज भागविणे नसून मुलाचे सुख हे आहे, असा त्यांचा सिद्धान्त होता. मुलांनी अर्धा दिवस शाळेत व अर्धा दिवस कामात घालवावा, अशी योजनाही त्यांनी मांडली. ज्या काळात प्राथमिक शाळांचे नाव बदलून राष्ट्रीय शाळा करण्यात आले आणि मुलांना सम्राटासाठी देह ठेवण्याचे धडे दिले जाऊ लागले, त्या काळाशी या विचाराचा मेळ बसणे शक्य नव्हते.

संघर्षाचे निमित्त ठरला एक ताईत. इसे येथील शिंतो महामंदिराचा ताईत घरोघरी पुजला जावा असा सरकारचा आग्रह होता. अनेक बौद्ध संप्रदायांनी राज्यसत्तेपुढे मान तुकविली होती. जून १९४३ मध्ये माकिगुचींच्या स्वतःच्या संप्रदायाच्या मुख्य मठानेही ताईत स्वीकारावा असे सुचविले. त्यांनी नकार दिला. ६ जुलै रोजी इझू द्वीपकल्पातील शिमोदा येथे त्यांना अटक झाली. शांतता संरक्षण कायद्याचा भंग आणि राजघराण्याच्या देवस्थानाचा अवमान असे आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. माकिगुचींनी युद्धाविरुद्ध राजकीय चळवळ उभारली, असे म्हणणे यथार्थ होणार नाही. त्यांचा नकार धर्मनिष्ठेतून आला होता. परंतु माणसाच्या अंतःकरणावरही आपलीच मालकी आहे असे मानणाऱ्या सत्तेला तो एवढा नकारही सोसवला नाही. पकडलेल्या सहकाऱ्यांपैकी बहुतेकांनी चौकशीच्या दडपणाखाली माघार घेतली. माकिगुची आणि तोदा मात्र ढळले नाहीत.

सप्टेंबर १९४३ मध्ये त्यांना सुगामोच्या बंदिगृहात आणण्यात आले. चौकशी अधिकाऱ्यांपुढेही ते शिक्षकाप्रमाणेच आपले विचार क्रमवार उलगडून सांगत. कोठडीत ते कांटच्या तत्त्वज्ञानाचा अभ्यास करीत. घरी पाठविलेल्या अखेरच्या पत्रातही त्यांनी त्याचा उल्लेख केला. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये, त्यांचा पुत्र योझो चीनच्या आघाडीवर मरण पावल्याची वार्ता त्यांना कळली. ज्या युद्धाच्या सत्तेपुढे पित्याने मान तुकविली नाही, त्याच युद्धाने पुत्राचा घास घेतला होता.

अपुऱ्या अन्नाने देह खंगत गेला. १७ नोव्हेंबरला ते बंदिगृहाच्या रुग्णकक्षात गेले आणि दुसऱ्या दिवशी, १८ नोव्हेंबर १९४४ रोजी, त्यांनी देह ठेवला. कुपोषण हे मृत्यूचे कारण होते. भुकेल्या मुलांच्या पानात अन्न वाढणारे गुरुजी स्वतः उपासमारीने गेले. त्यानंतर सहाच दिवसांनी मारियाना बेटांवरून आलेल्या बी-२९ विमानांनी टोकियोवर बाँबवर्षाव आरंभिला.

त्याच बंदिगृहात असलेल्या तोदांना गुरूच्या निधनाची वार्ता कळावयास जानेवारी उजाडला. ३ जुलै १९४५ रोजी मुक्त झाल्यावर त्यांनी विखुरलेली संस्था सोका गाक्काई या नावाने पुन्हा उभी केली आणि माकिगुचींचे विचार जपानबाहेरही पोहोचले.

आमच्या विद्यार्थ्यांनी या चरित्रातून पराक्रमाची कथा शोधू नये. भुकेल्या मुलाला आधी जेवू घालणारा आणि आपल्या विवेकाच्या जागी दुसऱ्याची आज्ञा बसवू न देणारा एक प्राथमिक शिक्षक येथे भेटतो. ही दोन्ही कर्तव्ये प्रत्येक शाळेत, प्रत्येक दिवशी समोर उभी असतात. ती पार पाडताना माकिगुची गुरुजींचे स्मरण राहो, एवढीच आमची प्रार्थना.