‘मंगोल’ चित्रपटाने वगळलेला तेमुजिन

मंगोलियातील ओनोन नदीच्या खोऱ्यात सन ११६२च्या सुमारास जन्मलेल्या तेमुजिन या मुलाला जग पुढे चंगीझ खान या नावाने ओळखू लागले. त्याच्या पूर्वायुष्यावर रशियन दिग्दर्शक सर्गेई बोद्रोव यांनी ‘मंगोल’ हा चित्रपट केला. २००७ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाला कझाकस्तानच्या वतीने परभाषिक चित्रपटांच्या गटात ऑस्करचे नामांकन मिळाले. क्षितिजापर्यंत पसरलेला माळ, जपानी अभिनेते तादानोबू असानो यांनी साकारलेला अबोल नायक आणि पत्नीवरील त्याची अढळ निष्ठा यांमुळे प्रेक्षक खिळून राहतो. मात्र नायकाविषयी सहानुभूती टिकावी म्हणून चित्रपटाने आयुष्यातील काही प्रसंग बाजूला ठेवले. नेमके तेच प्रसंग त्याच्या मृत्यूनंतर मंगोलांनी स्वतः लिहिलेल्या ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ या ग्रंथात नोंदलेले आहेत.

तेमुजिनचे वडील येसुगेई हे एका लहान टोळीचे प्रमुख होते. आई होएलुन हिला त्यांनी मेर्किट टोळीतील तिच्या नवऱ्याकडून पळवून आणले होते. या अपहरणाचा सूड एका पिढीनंतर उगवणार होता. तेमुजिन नऊ वर्षांचा असताना वडिलांनी त्याची सोयरीक बोर्ते हिच्याशी जुळवली आणि मुलाला तिच्या माहेरी ठेवले. मुलगा कुत्र्यांना घाबरतो, त्याला सांभाळा, अशी विनंती त्यांनी व्याह्यांना केल्याचे ग्रंथात म्हटले आहे. परतीच्या वाटेवर तातार टोळीच्या लोकांनी येसुगेईंना अन्नातून विष दिले. त्यांच्या मृत्यूनंतर तायचिउद या भाऊबंदांच्या टोळीने विधवा आणि तिच्या लहान मुलांना माळावर सोडून मुक्काम हलवला. होएलुनने रानातील कंदमुळे आणि फळे गोळा करून मुले जगवली.

याच उपासमारीच्या काळात तेमुजिनने आपला सावत्र भाऊ बेख्तेर याचा खून केला. पकडलेला मासा आणि मारलेला चंडोल पक्षी बेख्तेरने हिसकावून घेतल्याचे निमित्त झाले. धाकटा भाऊ कसार याला सोबत घेऊन तेमुजिनने पुढून व मागून बाण सोडून त्याला ठार केले. होएलुनचा त्यावरील संताप ग्रंथकाराने सविस्तर नोंदवला आहे. चित्रपटात मात्र हा प्रसंग नाही. तेथे तेमुजिन केवळ इतरांच्या क्रौर्याचा बळी ठरतो.

पुढे तायचिउदांनी त्याला पकडून गळ्यात लाकडी खोडा अडकवला. एका रात्री पहारेकऱ्याच्या डोक्यावर त्याच खोड्याचा आघात करून तो निसटला आणि नदीच्या पाण्यात लपून राहिला. सोर्खान शिरा या शत्रूच्याच छावणीतील माणसाने त्याला लोकरीच्या गाडीत दडवून वाचवले. चोरीला गेलेले घोडे शोधताना बोओर्चू हा अनोळखी तरुण घरदार सोडून त्याच्यासोबत निघाला. भाऊबंदांनी टाकले आणि परक्यांनी तारले, हा अनुभव तेमुजिन विसरला नाही. नात्यापेक्षा निष्ठेला मोठे मानणारी त्याची पुढील राज्यव्यवस्था या अनुभवाशी सुसंगत होती.

बोर्तेशी विवाह झाल्यानंतर काही काळातच मेर्किटांनी हल्ला करून होएलुनच्या अपहरणाचा सूड घेतला. तेमुजिन बुरखान खालदुन पर्वतावर पळाला आणि बोर्ते शत्रूच्या हाती लागली. केरेइत टोळीचा प्रमुख तोघरुल आणि लहानपणी शपथेने भाऊ झालेला जमुखा यांच्या मदतीने त्याने तिला सोडवले. त्यानंतर जन्मलेल्या जोची या पहिल्या मुलाच्या पितृत्वाविषयी कायम संशय राहिला. तेमुजिनने त्याला आपला मुलगा मानले. चित्रपटातील हा भाग सर्वांत हृद्य आहे आणि इतिहासाशी मेळ खाणाराही आहे.

जमुखाशी मैत्री मात्र टिकली नाही. सुमारे ११८७ मध्ये दालान बालजुत येथे जमुखाने तेमुजिनचा पराभव केला. त्यानंतरच्या सुमारे दहा वर्षांविषयी साधने जवळजवळ मौन पाळतात. चित्रपटाने ही पोकळी तांगुत राज्यातील तुरुंगवास आणि बोर्तेने केलेली सुटका अशा कल्पित कथेने भरली आहे. पडद्यावर ती परिणामकारक ठरते, पण तिला ऐतिहासिक आधार नाही.

१२०२ मध्ये तातारांचा पाडाव झाल्यावर गाडीच्या आसाच्या खिळीपेक्षा उंच असलेल्या त्यांच्या पुरुषांची कत्तल करण्यात आली. वडिलांच्या विषप्रयोगाचा सूड असा पूर्ण झाला. १२०४ मध्ये नाइमान टोळीचा पराभव झाला आणि पुढे जमुखाला त्याच्याच साथीदारांनी पकडून आणले. धन्याशी दगाबाजी करणाऱ्या त्या साथीदारांना तेमुजिनने आधी ठार मारले. त्यानंतर जमुखालाही रक्त न सांडता मृत्युदंड देण्यात आला. १२०६ मध्ये ओनोनच्या काठी भरलेल्या सभेत तेमुजिनला चंगीझ खान ही पदवी मिळाली. त्याने दहा, शंभर, हजार आणि दहा हजारांच्या तुकड्यांत सैन्य बांधले, अनेक टोळ्यांतील माणसे एकत्र मिसळली आणि बोओर्चूसारख्या सोबत्यांना मोठी पदे दिली.

चीनच्या जिन साम्राज्यावर १२११ मध्ये आणि मध्य आशियातील ख्वारझमवर १२१९ मध्ये सुरू झालेल्या मोहिमांत शहरेच्या शहरे उद्ध्वस्त झाली. ख्वारझमचा शहाजादा जलालुद्दीन याचा पाठलाग करत तो १२२१ मध्ये सिंधू नदीपर्यंत आला. जलालुद्दीनला दिल्लीचा सुलतान इल्तुतमिश याने आश्रय दिला नाही आणि चंगीझ खानाचे मुख्य सैन्य दिल्लीकडे न वळता माघारी फिरले. सुमारे तीन शतकांनी भारतात मुघल सत्ता स्थापन करणारा बाबर आईकडून त्याच्याच वंशातला होता.

टोळ्यांची जुनी नाती मोडून साम्राज्य उभारणाऱ्या या माणसाला स्वतःच्या घरातील दुभंग मात्र सांधता आला नाही. वारसाची चर्चा निघताच दुसरा मुलगा चगताई याने जोचीच्या जन्मावरून त्याला सर्वांसमक्ष अपमानित केले. अखेर दोघांनाही बाजूला ठेवून तिसरा मुलगा ओगेदेई याला वारस ठरवावे लागले. जोची वडिलांपासून दूर गेला आणि त्यांच्या आधीच मरण पावला. ऑगस्ट १२२७ मध्ये तांगुतांविरुद्धच्या मोहिमेदरम्यान चंगीझ खानाचा मृत्यू झाला. बोर्तेच्या सुटकेतून ‘मंगोल’ चित्रपटाने फुलवलेल्या प्रेमकथेचा हा उत्तरार्ध पडद्यावर आलेला नाही.