सर फ्रेडरिक हॉपकिन्स

प्राणवायूवांचून आपण जगूं शकत नाहीं. पण त्याच प्राणवायूपासून पेशींत कांहीं उग्र द्रव्यें उत्पन्न होऊन तीं शरीरास झिजवितात. लोखंडास गंज चढतो, तसाच कांहींसा हा प्रकार होय. या झिजेस आवर घालणारें ग्लुटाथायोन नांवाचें द्रव्य ज्यांनीं शोधून काढलें, त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

फ्रेडरिक हॉपकिन्स यांचा जन्म १८६१ सालीं इंग्लंडांत ईस्टबोर्न येथें झाला. पितृछत्र बालपणींच हरपलें. शाळा सुटल्यावर त्यांनीं कांहीं काळ विम्याच्या कचेरींत काम केलें. मग ते रसायनशास्त्राकडे व वैद्यकाकडे वळले. १८९८ सालीं ते केंब्रिजला गेले. केवळ शुद्ध केलेल्या अन्नावर उंदीर वाढत नाहींत, थोडें दूध मिळतांच वाढूं लागतात, हें त्यांनीं १९१२ सालीं दाखविलें. जीवनसत्त्वांच्या या कार्याबद्दल त्यांस १९२९ सालीं आइकमन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें.

ग्लुटाथायोन त्यांनीं १९२१ सालीं वेगळें काढलें. तें दोन अमिनो आम्लांचें बनलें आहे, असें त्यांनीं तेव्हां जाहीर केलें. १९२७ सालीं इतर संशोधकांनीं त्यावर शंका घेतली. साठी उलटलेल्या या विख्यात पंडितानें रागावून न बसतां सारें काम पुन्हां तपासलें. आणि ज्या वर्षीं नोबेल मिळालें त्याच वर्षीं, घटक दोन नसून ग्लुटामिक आम्ल, सिस्टीन व ग्लायसीन असे तीन आहेत, हें छापून प्रसिद्ध केलें. यांतील सिस्टीनचा गंधकयुक्त भाग उग्र द्रव्यांस निष्प्रभ करितो. पॅरासिटामॉल फार झाल्यास यकृतांतील ग्लुटाथायोन संपतें. तें भरून काढणारें औषध वेळेवर दिल्यास रोगी वाचतो. दूध, सोयाबीन इत्यादींतून मिळणाऱ्या अशाच पेप्टाइडांची परीक्षा आज चालू आहे. परंतु परीक्षानळींत जें दिसतें तें मनुष्याच्या देहांत उतरेलच असें नाहीं.

हॉपकिन्स यांनीं स्त्रियांसही प्रयोगशाळेचें दार मोकळें ठेविलें. मुंबईच्या पदवीधर कमला भागवत, पुढें सोहोनी, यांस केवळ स्त्री म्हणून बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत प्रथम प्रवेश नाकारला गेला होता. त्या केंब्रिजला हॉपकिन्स यांच्या विभागांत काम करून १९३९ सालीं डॉक्टर झाल्या. १९४७ सालीं हॉपकिन्स निवर्तले.

मुकुंदवाडीच्या आमच्या मुलामुलींनीं या थोर पुरुषाची कीर्ति तर पाहावीच. पण कीर्तीच्या शिखरावर असतां आपली चूक सुधारण्याचें त्यांचें धैर्य अधिक ध्यानांत ठेवावें.